कुणाची गं तू?

तान्ही अर्फा दूध पिऊन मांडीवरच पेंगली, तेवढ्यात रुक्सारनं हेडफोन कानाला लावला. साताऱ्यातल्या तिच्या कंपनीकडं तीन सहकारी बँका तपासणीसाठी आल्या होत्या. कॉम्प्युटरवरून लुबाडणाऱ्यांपुढं कुठली बँक किती टिकेल, हे ताडून पाहायचं आणि गुण द्यायचे. यंत्रं तपासून झाली होती, आता माणसं. तिची सहकारी शिवांजली बँकांत खोटे फोन करायची आणि रेकॉर्डिंग ऐकून रुक्सार गुण द्यायची. कुणाला झुकतं माप नको म्हणून बँकांची नावं झाकलेली असायची.

पहिल्या दोन बँकांनी शिवांजलीला काही न सांगता वाटेला लावलं होतं. तिसरीत फोन लगेच उचलला गेला.

"हॅलो, मुख्य कचेरीच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतेय. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

"सांगतो की. पण कुणाची गं तू?"

रुक्सार ताठ बसली. अब्बा!

कडेगावच्या त्या शाखेत तिच्या अब्बांची, लियाकतभाईंची, उभी हयात गेली होती. अनोळखी माणूस समोर आला की गाव कुठलं, घर कुणाचं, हे विचारल्याशिवाय त्यांची स्लिप पुढं सरकत नसे. याच सवयीनं त्यांनी एकदा दुसऱ्याचं पासबुक घेऊन आलेला भामटा पकडला होता.

"पाटणची. तात्याबांची नात," शिवांजलीनं सुचेल ते नाव ठोकून दिलं.

"अगं, मग आदी न्हाई का सांगायचं! गुडघा कसा हाय त्यांचा?"

"दुखतोय अजून."

"तिळाचं तेल चोळा म्हणावं, कोमट करून. हां, घे लिहून."

आणि अब्बांनी सगळे आकडे सावकाश, तिला लिहायला जमावं असे, सांगून टाकले.

रुक्सारला आधी हसू फुटलं, मग डोळे भरले. हे रेकॉर्डिंग शाखेत सगळ्यांसमोर वाजवायचं ठरलेलं. शाखेतली नवी पोरं ज्यांना विचारल्याशिवाय सही करत नाहीत, त्या अब्बांसमोर! 'आवाज अस्पष्ट' एवढं लिहिलं की काम भागत होतं. तिनं लिहिलं. मग खोडलं, आणि वरिष्ठ राजवर्धन सरांना फोन लावला.

"सर, त्या तिसऱ्या बँकेत माझे अब्बा आहेत. गुण तुम्ही द्या."

"बरं केलंस, सांगितलंस. गुण मी देतो. पण तिथं समजवायला तूच जा. आमचं कोण ऐकणार?"

अर्फाला कडेवर घेऊन ती कडेगावला पोचली. नातीला बघून लियाकतभाई खुलले. तिनं त्यांना बाजूला घेतलं.

"अब्बा, ती तात्याबांची नात आमच्याच ऑफिसची होती. रेकॉर्डिंग नाही लावत मी. तोंडीच सांगते सगळं."

त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते अर्फाचा निसटलेला मोजा पायात चढवत राहिले.

"लाव," शेवटी म्हणाले. "तू नुसतं सांगितलंस तर मान हलवतील न् ईसरतील. माझी चूक ऐकली तर ध्यानात ऱ्हाईल."

तिनं सगळ्यांसमोर लावलं. तेलाची गोष्ट आली तसा कॅशियर नाथाजी फिसकन हसला. "आवं लियाकतभाई, दवापानी बी फोनवरच व्हय?"

सगळे खिदळले. पण आकडे सुरू झाले तसं हसणं विरलं. लियाकतभाई खाली मान घालून आपलाच आवाज ऐकत होते.

"मी असतो तर तिला जेवायलाच बोलावली असती," नाथाजी हळूच म्हणाला.

"समोर माणूस असला की घर विचारून पारख व्हती," लियाकतभाई म्हणाले. "फोनवर न्हाई व्हत. मला कळलं न्हाई ते."

"विचारपूस करा की अब्बा," रुक्सार म्हणाली. "फक्त आकडे कुणालाच द्यायचे नाहीत. फोन ठेवायचा, आणि आपणहून मुख्य कचेरीला लावून विचारायचं."

"आन् तिला वाईट वाटलं तर?"

"खरी असेल तर नाही वाटणार."

संध्याकाळी ते तिला सोडायला स्टँडवर निघाले. थोडं चालून झाल्यावर विचारलं, "कितवी आली गं आमची बँक?"

"तिसरी."

"तीनांत?"

"तीनांत."

"तूच दिलेस गुण?"

"नाही, साहेबांनी. मी दिले असते तर पहिली आली असती."

लियाकतभाईंनी तिच्याकडं एकवार पाहिलं. मग अर्फाला तिच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातात तिची पिशवी घेतली आणि साताऱ्याच्या गाडीत खिडकीची जागा धरायला पुढं झाले.