चाप परतला नाही, ती सकाळ

बंदूक बोलली की माणसं कानांवर हात ठेवतात. घाबरू नका, आज ती गप्प आहे. बोलतोय तो मी, तिचा चाप. करंगळीच्या दोन पेरांएवढा, जरासा वाकडा, पण अस्सल पोलादी. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं स्वतःबद्दल म्हणू नये म्हणतात. पण माझ्याबद्दल दुसरं कोण म्हणणार?

माणसांचा एक गैरसमज आधी दूर करतो. त्यांना वाटतं, चाप ओढला की चापाचं काम झालं. अहो, कुणी ओढल्यावर मागे जायला काय अक्कल लागते? खरं काम सोडल्यानंतरचं. आमची बंदूक आपली आपण भरणारी. एक गोळी सुटली की दुसरी आपसूक नळीत येऊन बसते. पण ती सुटायची तर आधी मी पुढे, माझ्या जागी परत यायला हवं. परत येताना आत 'टक्' असं बारीकसं वाजतं. ते वाजलं नाही तर मला पुन्हा कितीही ओढा, बंदूक आणि गुराख्याची काठी सारखीच.

माझा जन्म अमेरिकेतला. कुणा कारागिरानं कानशीनं माझ्या कडा घासल्या एवढंच आठवतं. पुढे खोपोलीच्या वीजघरातल्या एका गोऱ्या साहेबानं मुंबईत आमची बंदूक विकत घेतली. साहेब मनानं चांगला, नेमानं वाईट. नेम चुकला की वाऱ्याला शिव्या द्यायचा. त्याच्यामागे बंदूक खांद्यावर घेऊन अकरा वर्षं जो चालला, तो कोंडाजी. पंचेचाळीस साली साहेब विलायतेला परतला आणि जाताना बंदूक कोंडाजीला देऊन गेला. कर्जतच्या कचेरीत चार खेपा घातल्यावर शेताच्या राखणीसाठी परवानाही मिळाला.

कोंडाजी खालापूरकडच्या डोंगराच्या पायथ्याला भात पिकवणारा साधा माणूस. त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर विळ्याच्या जुन्या जखमेचा व्रण होता, म्हणून डोळे मिटूनही मी ते बोट ओळखायचो. दर रविवारी तो ओट्यावर बसून मला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच थेंब. एखाद्या तान्ह्याला बाळकडू द्यावं तसा जपून. मला तो फार आवडायचा, हे आत्ताच सांगून टाकतो.

त्याची बायको भागूबाई सुरुवातीला आमच्यावर नाराज होती. "घरात काय कमी जनावरं हायत, म्हणून हे विंग्रजी जनावर आनलंत?" म्हणायची. पण एकदा घरचं म्हटलं की ती हात आखडणारी बाई नव्हे. सेहेचाळीस सालच्या दसऱ्याला तिनं नांगर, विळे, कोयता यांच्या शेजारी पाटावर आम्हालाही मांडलं. हळद झाली, कुंकू झालं, झेंडूचं फूल झालं. नांगराला चार दाणे अक्षता वाहिल्या आणि आम्हाला चांगल्या मूठभर.

"माज्या भावाचं भात राख गं बाय," ती बंदुकीला म्हणाली. "डुकरांनी गेल्या साली निम्मं खाल्लं त्याचं."

तिचा धाकटा भाऊ जयवंता. त्याचं भाताचं खाचर कोंडाजीच्या बांधाला लागूनच होतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, उजाडता उजाडता, त्याच खाचरात रानडुक्कर शिरला. जयवंता खालून डबा बडवत त्याला उठवत होता. कोंडाजी वरच्या बांधावर उभा राहिला आणि त्यानं नळी खाली रोखली. त्यानं मला ओढलं, गोळी सुटली, डुकराच्या मागच्या फऱ्यात बसली. डुक्कर पडला नाही. तो वळला आणि थेट जयवंतावर धावला.

दुसरी गोळी नळीत तयार होती. कोंडाजीनं बोट सैल केलं आणि पुन्हा आवळलं. पण मी परत आलोच नव्हतो. मी मागच्या मागे अडकून पडलो होतो. तो व्रणाचा भाग माझ्यावर एकदा, दोनदा, तीनदा दाबला गेला. मी जीव तोडून पुढे यायला पाहत होतो आणि हलत नव्हतो. शेवटी कोंडाजी बंदुकीचा दस्ता उगारून खाली धावला, तोवर सुळा जयवंताच्या मांडीत गेला होता.

जयवंताला बैलगाडीनं कर्जतच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पाय मात्र गुडघ्यात दुमडेनासा झाला.

संध्याकाळी गाव चावडीवर जमलं. कोंडाजी म्हणाला, "दुसऱ्यांदा चाप लागलाच नाय." मग चार जाणत्यांनी बंदूक हातात घेतली, रिकामी केली, नळी आभाळाकडे केली आणि भरणीचा खटका मागे ओढून मला दाबून पाहिलं. मी परत आलो. टक्. पुन्हा दाबलं. टक्. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा मी शहाण्यासारखा परत आलो. का परत येतोय हे मलाही कळेना. स्वतःच्या पोटातलं कुणाला दिसतं?

"बंदूक बरी हाय," एक जण हळूच म्हणाला. "भिऊन हात कापला आसंल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि वाईट म्हणजे, हळूहळू संन्याशालाही वाटू लागलं की चोरी आपणच केली. कोंडाजी आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचा. ओरडून सांगावंसं वाटे की अरे, तू ओढलंस, तीनदा ओढलंस! पण मला तोंड कुठे?

भागूबाईनं मात्र गावाचं ऐकलं नाही.

"अवो, तुमचा हात कापनारा नाय. मी बावीस वरसं बघत्ये," ती म्हणाली. "चौकला त्या वाल्मिककडं जावा. लॉऱ्यांचं पोट जाननारा मानूस हाय. बंदुकीचं बी जानंल."

चौक गावच्या नाक्यावर वाल्मिकचं गॅरेज होतं. त्यानंही आधी मला दाबून पाहिलं आणि मी पुन्हा शहाण्यासारखा परत आलो. कोंडाजीचा चेहरा पडला. पण वाल्मिकनं बंदूक परत दिली नाही. हात पुसत त्यानं विचारलं, "दादा, डुक्कर कुठं व्हता आन तुमी कुठं?"

"मी वरच्या बांधावर. डुक्कर खाली, खाचरात."

"मंग नळी खाली व्हती. आन चावडीवर वर धरून बघितलीत." वाल्मिक हसला. "लॉरीवाला सांगतो, गाडी घाटात बंद पडते, आन मी सपाटीवर चालवून बघितली तर मला काय गावनार?"

त्यानं नळी जमिनीकडे केली, खटका ओढला, मला दाबलं, सोडलं. टक् वाजलं नाही. मी मागेच राहिलो. नळी वर करून हलवली, टक्. पुन्हा खाली, पुन्हा मुका. कोंडाजीला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात लपवला.

मग वाल्मिकनं जुन्या वर्तमानपत्रावर मला उघडलं. दोन पिना काढल्या, मला बाहेर ओढलं, आणि माझ्या पुढच्या फटीतून एक दाणा कागदावर पडला. कुंकवानं लाल झालेला, अर्धवट चेपलेला तांदूळ. नळी खाली झाली की तो घरंगळून माझ्या वाटेत येत होता.

"दादा, घरात कुनाचं लगीन लागलं काय?" वाल्मिक हसत म्हणाला.

कोंडाजी हसला नाही. त्याला ती मूठ आठवली असणार. भावासाठी वाहिलेली. त्यानं दाणा उचलला, तळहातावर घेतला, थोडा वेळ पाहिला आणि तोंडात टाकून गिळून टाकला.

"कुनाला बोलू नको," एवढंच तो म्हणाला.

घरी भागूबाई दारातच उभी होती. "काय निघालं?"

"तेल सुकलं व्हतं आत. मीच घालाया इसरलो."

मला दर रविवारी तेल मिळत होतं हो! पण ऐकून घ्यावं लागलं. गाव म्हणालं, हात नाही कापला तर नाही, पण माणूस निष्काळजी. जयवंता काठीवर रेलून आला आणि अंगणातूनच म्हणाला, "भ्याला असता तर मी समजून घेतलं असतं, दाजी. आळसापायी माजा पाय गेला." त्यानंतर वर्षभर तो त्या ओट्यावर चढला नाही. कोंडाजीनं मान खाली घातली ती घातलीच. भित्रा म्हणवून घेताना तो खचला होता. आळशी म्हणवून घेताना खचला नाही. का, ते त्याला आणि मला माहीत होतं.

सत्तेचाळीसचा दसरा आला. भागूबाईनं पाट मांडला, ताट आणलं. कोंडाजी म्हणाला, "बंदुकीची पूजा यंदा मी करतो." दस्त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि ताट बाजूला सारलं.

"आन अक्षता?"

"ऱ्हाऊ दे यंदा."

भागूबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्याभोवतीच्या फटीकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला.

"तुमी तेल इसरला नव्हता," ती म्हणाली. "म्या वरीसभर इचार करत्ये, हा मानूस तेल इसरंलच कसा!"

तेवढ्यात जयवंता बहिणीला सोनं द्यायला अंगणात आला. भागूबाई तशीच बाहेर धावली. कोंडाजीनं "अगं, थांब" म्हणेपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

"माज्या अक्षता व्हत्या रं त्या! तुज्या भातासाठी वाहिलेल्या. त्यातला दाना चापात गेला. तुजा पाय म्या घालवला आन ह्या मानसानं वरीसभर माजं पाप आपल्या डोक्यावर घेतलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. जयवंतानं आपट्याची पानं रडणाऱ्या भागूबाईच्या हातात ठेवली. मग तो काठी टेकत आला, ओट्याची पायरी कशीबशी चढला आणि कोंडाजीला म्हणाला, "दाजी, सरका जरा. माजा पाय दुमडत नाय. पसरून बसाया जागा लागते."

कोंडाजी सरकला.

आता एकोणपन्नास साल सरत आलं आहे. कोंडाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. येत्या सोमवारी कर्जतच्या कचेरीत परवाना जयवंताच्या नावावर व्हायचा आहे, दोघं मिळून जाणार आहेत. व्रणाचं बोट आता मला भेटणार नाही. वाईट वाटतं. रविवारचा थेंब जयवंता घालेल, पण तो तोच थेंब नसेल.

तुम्ही अवजारांची पूजा करता, जरूर करा, आम्हाला ती आवडते. फक्त नंतर आम्हाला एकदा उलटं करून झटका. आणि कुणाचा हात कापला असं म्हणण्याआधी, तो जिथे उभा होता तिथे जाऊन उभे राहा.

जयवंताची माफी मी अजून मागितलेली नाही. मागू कशी? मला एकच बोली येते. त्याचं बोट मला पहिल्यांदा ओढेल तेव्हा मी मागे जाईन, आणि त्यानं सोडलं की परत येईन. नळी वर असो नाहीतर खाली, परत येईन. त्याला ते कळेल असं मला वाटतं.