शिपायासाठी रडणारी ताई

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. डोकं नसताना ते कसं फिरतं, असं विचारू नका, मित्रांनो. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या टेबलावर काही वर्षं काढा, मग कळेल.

कारखान्यातून आलो तेव्हा मी असा चकचकीत होतो, की डॉक्टरीणबाई माझ्यावरचं प्लास्टिक काढायलाच तयार नव्हत्या. पुढे पेशंटची नावं आणि औषधं टाइप होता होता माझी अक्षरं पुसली गेली. स्पेस बार एका बाजूनं बसला. फटींमध्ये बिस्किटांचा चुरा साठला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बरं, थोडी आहे. पण रिसेप्शनवरच्या ताईनं मला एक मानाचं काम दिलं, म्हणून मी गप्प बसलो.

ताईला एका कोर्टाच्या मालिकेचं वेड. सगळे त्यातल्या देखण्या वकिलावर फिदा. ताईचा जीव मात्र दारावरच्या शिपायात अडकलेला. तो प्रत्येक भागात दार उघडतो, "साहेब बोलावतायत" म्हणतो आणि दार लावून घेतो. बस्स.

"अगं, त्याला एखादं साधं दुखणंसुद्धा दिलं नाही गं लेखकानं!" ताई फोनवर मैत्रिणीला तावातावानं सांगायची.

मग तिनं स्वतःच त्याच्या गोष्टी लिहायला घेतल्या आणि चाहत्यांच्या साइटवर टाकू लागली. तिनं त्याला दुखरे गुडघे दिले, लांब राहणारी मुलगी दिली, घरी एकट्यानं रेडिओ ऐकायची सवय दिली. इकडे पेशंट गाल धरून बसलेला आणि ताई मला बडवतेय, असं रोजचं चाललेलं. वाचक रडायचे. "आता मालिका लागली की आधी दाराकडेच बघतो," असं कुणीतरी लिहिलं, तेव्हा मीही फुगलो होतो. खोटं कशाला बोलू?

पण माझ्या डाव्या अंगाला रोज काय घडायचं, तेही ऐका. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी ताईसाठी पाण्याचा ग्लास आणायच्या. तो टेबलाच्या पार कडेला ठेवायच्या, म्हणजे धक्का लागला तरी पाणी माझ्यावर सांडायला नको. जाताना माझ्यावरून फडकं फिरवायच्या. ताई ग्लास रिकामा करायची. मान काही वर करायची नाही.

काल ती शिपायाच्या निरोपाचा प्रसंग लिहीत होती. नोकरीचा शेवटचा दिवस. तो सगळ्यांना सांगायला जातो आणि कुणी कागदातून डोकं वर काढत नाही. लिहिता लिहिता ताईचे डोळे भरून आले. नेमक्या तेव्हाच मावशी आल्या. ग्लास ठेवला आणि तिथंच थांबल्या.

"ताई, उद्यापासून मी नाही यायची. मॅडमनी साफसफाईचं काम कंपनीला दिलंय."

"हं. ठेवा ना तिथंच."

"ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला सांगून जावं."

"हो हो, मावशी. थँक्यू हं."

आता मी काय करावं, मित्रांनो? त्या क्षणी तिची बोटं माझ्यावर 'कुणीच मान वर केली नाही' हे वाक्य टाइप करत होती! माझा नुसता संताप संताप झाला. पण कीबोर्डाला स्वतःचं एक अक्षर उमटवता येत नाही. निदान तिला अडवावं म्हणून मी स्पेस बार गच्च धरून ठेवला. तिनं त्यावर दोन फटके मारले आणि पुढे निघाली. मावशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्यावरून फडकं फिरवून गेल्या.

त्या गोष्टीचं तुफान कौतुक झालं. आज ते वाचता वाचता ताईनं पाण्यासाठी हात लांब केला. हात टेबलावर नुसताच फिरला.

"मावशी, पाणी!"

आतून कंपनीचा नवा माणूस डोकावला. "मावशी? त्या कालच गेल्या ना."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. "मॅडम, मावशी राहतात कुठं?"

"मला काय माहीत? तुझ्याशीच तर बोलायच्या त्या. फोन नंबर आहे माझ्याकडे, पाठवते."

नंबर आला. ताई त्याच्याकडे बघत बसली. डोळे पुसले, फोन पालथा ठेवला, नवीन पान उघडलं आणि टाइप करायला लागली : 'ती रोज न बोलता पाणी ठेवून जायची...'

अगं बाई, गोष्ट कसली लिहितेस? फोन कर!

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. चुरासुद्धा राहू द्या. पण तुम्ही कितीही मोठ्या दुःखाची गोष्ट लिहीत असलात, तरी शेजारी कुणी पाणी घेऊन उभं राहिलं, तर तेवढ्यापुरती माझ्यावरची बोटं उचला आणि वर बघा. आमची ताई आता दुसऱ्या पानावर पोचली आहे. फोन अजून पालथाच आहे.