बाईजाचा खुबा आणि देवजीचे बांबू

"एकाहत्तर वर्सांच्या बाईला नवा खुबा बसवून काय ती भाताच्या आवणीला जानार हाय?" देवजी ओट्यावर तंबाखू मळत म्हणाला.

आत त्याची विधवा वहिनी बाईजा कण्हत पडली होती. शेताच्या बांधावरून घसरली आणि मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो, ती वाटीच फुटली. देवजीने तोवर दोन सरळ बांबू तोडून तिच्या पडवीत आणून ठेवले होते. कशासाठी, ते अख्ख्या पाड्याला कळलं. असल्या माणसाला दीर म्हणायचं, म्हणून म्हणायचं.

मुरबाडहून लेक माधुरी आली. बांबू बघून म्हणाली, "काका, आय जित्ती हाय माजी." आणि आईला जीपमध्ये निजवून कल्याणला घेऊन गेली.

डॉक्टरांनी उगाच धीर दिला नाही. "हाडं ठिसूळ आहेत, या वयात धोका आहे. पण खाटेवर पडून राहिल्या तर धोका त्याहून मोठा." खुबा बसला. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जमिनीवरून उठायचं नाही, एवढं बाईजाने ध्यानात ठेवलं. घरी आल्यावर तेच बांबू दारापासून मोरीपर्यंत आडवे बांधून घेतले आणि धरून चालू लागली.

पुढे देवजीचा मुलगा रवींद्र मोटारसायकलवरून पडला. वय चौतीस. त्याच्याही वाटीचा चुरा, त्यालाही नवा खुबा, तीच बंधनं. "तरुण माणसं खुब्याला जपत नाहीत," डॉक्टर वर म्हणाले. देवजीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. "जवान हाड हाय! म्हातारी खुरडंल, माजा पोऱ्या धावंल."

वैशाखात पाड्यातल्या एका घरी हळद होती. पंगतीत बाईजा एकटीच खुर्चीवर. सगळे हसले. "सायबीन झाली गो म्हातारी!" ती ताट मांडीवर घेऊन जेवली. माधुरीने रवींद्रलाही खुर्ची आणली.

"खुर्ची म्हाताऱ्यांना दे," देवजी खेकसला.

चौतिशीच्या बाप्याला खुर्चीची लाज वाटली. मांडी घालून दोनदा भात घेतला. उठायला पुढे वाकला, गुडघा आत वळला आणि खट्ट झालं. गोळा वाटीतून निसटला. पत्रावळींवर आडवा पडून तो गुरासारखा ओरडत होता आणि बाप माधुरीच्याच नावाने बोटं मोडत होता. पंगतीत बसलेल्या मला तर किळस आली.

गोळा जागेवर बसवून रवींद्रला घरी आणलं. त्याला धरून चालायला काही नव्हतं. चौथ्या दिवशी देवजी बाईजाच्या दारात उभा. मान खाली.

"वयनी, एक बांबू दे गो."

"दोनी ने. मला आता लागत नाय. खुर्ची पन ने, माज्याकडं दुसरी हाय." तिने सुतळी स्वतः सोडली. "कशाला तोडलं व्हतंस, ते इसरू नको."

बाईजा रिकाम्या हाताने नळाकडे गेली. देवजी खांद्यावर बांबू घेऊन भर दुपारी पाड्यातून निघाला. ओट्याओट्यावर माणसं बसली होती. कशासाठी, असं त्याला कुणीच विचारलं नाही.