कंसातला आकडा

“हा आकडा उघडाच ठेवलाय तुम्ही,” मामा म्हणाले आणि त्यांनी अहवालाचं अठ्ठेचाळिसावं पान नव्या इंजिनीअरबाईंसमोर सरकवलं.

“मुद्दामच ठेवलाय,” ती म्हणाली. “थंड पाणी बंद पडलं तर सील किती मिनिटं टिकतं, एवढंच तर आहे. त्यात कसलं गुपित?”

“शेजारी तापमान दिलंय. वरच्या ओळीत दाब दिलाय. आता हा आकडा हाताला लागला की जाणकार माणूस उलटं गणित मांडून सांगेल, रबरात आपण काय कालवलंय ते.”

“इतकं सोपं नाही हो ते, मामा.”

“सोपं नसेल. अशक्य आहे असं लिहून द्याल?”

तिने तसं लिहून दिलं नाही. खांदे उडवून म्हणाली, “घाला मग. तुमचे कंस, तुमचं राज्य.”

मामांनी हिरव्या पेन्सिलीने त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घातले आणि समासात बारीक अक्षरात कारण लिहिलं : ‘यावरून सीलच्या मिश्रणाचा अंदाज बांधता येईल.’ आकडा होता अकरा.

कंपनी अणुभट्ट्यांसाठी मोठे पंप बनवायची. पंपाचा दांडा जिथे बाहेर येतो तिथे एक सील असतं. आतलं उकळतं पाणी तेच अडवून धरतं, आणि त्याला थंड ठेवायला एका बारीक नळीतून वेगळं पाणी सतत फिरत असतं. सगळी कमाल त्या सीलची होती. अशा प्रत्येक वस्तूचा सुरक्षा अहवाल नियामक मंडळाला द्यावा लागे, तोही दोन प्रतींत. एक पूर्ण. दुसरी कुणीही अर्ज करून मागवावी अशी. या दुसऱ्या प्रतीत कंस तेवढे दिसायचे, आत पांढरी जागा. काय झाकायचं आणि का झाकायचं, हे ठरवून त्याचं शपथपत्र तयार करायचं काम मामांचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. ऑफिसात त्यांचं नावच ‘कंसमामा’ पडलं होतं. ज्याने ठेवलं त्याला वाटलं होतं, म्हातारा चिडेल. मामा म्हणाले, “बरोबर आहे. फक्त मी भाच्यांना हात लावत नाही, आकड्यांनाच कोंडतो.”

आपल्या कामाची त्यांना लाज नव्हती, उलट अभिमान होता. ते नोकरीला लागले त्या वर्षी अशाच एका उघड्या राहिलेल्या पानावरून दुसऱ्या कंपनीने हुबेहूब पंप काढला होता. दोन वर्षांत कारखान्याचा एक अख्खा विभाग बंद पडला, आणि मामांना हे काम शिकवणारा शेजारच्या टेबलावरचा माणूस आपला पाण्याचा पेला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी गेला. तेव्हापासून मामांच्या हातून एक पान सुटलं नाही. कुणी टोकलं की ते म्हणत, “मंडळाला सगळं दिसतं. त्यांच्यापासून आपण काहीच लपवत नाही.” आणि ते खरंच होतं.

त्यांना एकच मुलगी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिने लग्न केलं ते पंपांच्या मेकॅनिकशी. जावई ठेकेदाराकडे कामाला होता. भट्टी दुरुस्तीसाठी थांबली की याची टोळी तिथे जायची, कामं उरकून पुढच्या ठिकाणी. मोठ्याने हसणारा, भराभर जेवणारा, सासऱ्याला ‘सासरेबुवा’ म्हणणारा. एकदा जेवताना त्याने मामांना डोळा मारला. “सासरेबुवा, तुमचाच पंप उघडला आज. तुमची माणसं भलतीच चिकट हो, सूचनांच्या कागदावर धड काही सांगत नाहीत. सगळीकडे आपलं ‘ठरावीक वेळेत’, ‘योग्य तापमानाला’. घरच्या माणसाला तरी सांगा काय ते.”

“हिलाही सांगत नाही मी,” मामा बायकोकडे बोट दाखवून म्हणाले.

“यांना भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगता येत नाही,” बायको म्हणाली. सगळे हसले. मामांना त्या दिवशी बरं वाटलं होतं. जावयासमोर आपलं वजन राहिलं, असं.

अठ्ठेचाळिसाव्या पानावर कंस पडले त्याला तीन वर्षं झाली होती. दुरुस्तीनंतर पंप गरम करून तपासत असताना कुणाच्या तरी हातून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह चुकून बंद झाला. चूक लगेच लक्षात आली, पण पाणी पुन्हा सुरू व्हायला वेळ लागत होता. पर्यवेक्षक म्हणाला, जुने पंप अर्धा तास सहज काढायचे, घाबरायचं कारण नाही. पंप थरथरतोय का ते बघायला जावई खाली उतरला. पाणी बंद पडून तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. तो पंपाला हात लावून उभा असताना सील गेलं.

बातमीत आलं, ‘अणुऊर्जा केंद्राबाहेर कोणतीही गळती झालेली नाही. नागरिकांना धोका नाही.’ तेही खरं होतं. जावई सहा दिवस जगला. मुलगी काचेपलीकडे बसून असायची. चौथ्या दिवशी मामांना म्हणाली, “बाबा, त्याला हाक ऐकू येते. पापणी हलते.” मामांनी पाहिलं. पापणी हलत नव्हती. ते म्हणाले, “हो गं.”

महिन्याभराने चौकशी समिती बसली. समितीने सगळ्यांना बोलावलं, सगळे कागद पाहिले. पूर्ण अहवाल मंडळाकडे होता. केंद्राच्या इंजिनीअरांच्या कपाटातही होता, गोपनीय म्हणून कुलपात. कामगारांच्या हातातला सूचनांचा कागद मात्र कुणीतरी उघड्या प्रतीवरून बनवला होता. जिथे कंस होते तिथे त्या माणसाने ‘ठरावीक वेळेत’ असं लिहिलं होतं. त्याला तरी दुसरं काय सुचणार? समितीने लिहिलं, व्हॉल्व्ह अनवधानाने बंद झाला, मेकॅनिक एकोणिसाव्या मिनिटाला खाली उतरला. बाकी सर्वांनी नियमांचं पालन केलं होतं.

मुलीने उघड्या प्रतीसाठी अर्ज केला. प्रत यायला चाळीस दिवस लागले. एका रविवारी सकाळी ती आली आणि चपला न काढता थेट आत येऊन तिने गठ्ठा टेबलावर ठेवला.

“बाबा, खालच्या कोपऱ्यातली ही बारीक सही तुमची ना?”

“माझी.”

“प्रत्येक पानावर आहे.”

“असतेच.”

तिने अठ्ठेचाळिसावं पान काढलं. “‘थंड पाण्याचा पुरवठा खंडित झाल्यास सील,’ मग कंस, मग ‘मिनिटांपर्यंत कार्यक्षम राहते.’ मधे काय होतं?”

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. स्वच्छच होता.

“मला सांगता येत नाही, बाळा.”

“येत नाही म्हणजे? आठवत नाही?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आतून बायको ओले हात पुसत बाहेर आली. “अहो, सांगा ना तिला. काय जातंय तुमचं?”

“लिहून दिलंय मी. एकतीस वर्षांपूर्वी.”

“माझा नवरा गेला, बाबा,” मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, कुणाला पत्ता सांगावा तसा होता. “मला एवढंच कळायला हवं, की तो खाली उतरला तेव्हा वेळ उरली होती की संपली होती.”

मामांच्या तोंडात तो आकडा आला होता. जिभेवर होता. पण एकतीस वर्षांत तोंड असं मिटायला शिकलं होतं की वेळेवर उघडलंच नाही. मुलीने पानं नीट जुळवली, गठ्ठा उचलला आणि ती गेली. त्यानंतर ती घरी आली नाही. आईशी फोनवर बोलायची. मामांनी फोन घेतला की म्हणायची, “आईला द्या.”

मामांनी हे सरळ मार्गाने करायचं ठरवलं. कंपनीने एक पत्र दिलं की कंस निघतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते कंपनीच्या वकीलबाईंकडे गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं, स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली.

“मामा, आत्ता कंस काढला तर सगळे विचारतील, आधी का घातला होता.”

“विचारू देत.”

“मग मला हे दाखवावं लागेल.” त्यांनी फाईल उघडली. समासात हिरव्या पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. “इंजिनीअरबाईंनी उघडा ठेवला होता. कंस तुम्ही घातलाय. मी तुम्हाला वाचवतेय, मामा.”

“मला कशाला वाचवता?” मामा म्हणाले. पण आवाज इतका खाली गेला होता की बाईंना ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडळाला पत्र लिहिलं. स्वतःच्या नावाने, कंपनीच्या कागदावर नाही. आकडा अकरा आहे. तो झाकण्याची गरज नव्हती, इंजिनीअरांचंही तसंच मत होतं. कंस मी घातला, माझं चुकलं. कृपया तो काढून हे पान उघडं करावं. पत्र त्यांनी पोस्टात जाऊन टाकलं. पेटीच्या फटीत हात घालून ते खाली पडलं की नाही तेही पाहिलं.

दीड महिना काही झालं नाही. मग एका मंगळवारी टपालवाल्याने नेहमीसारखा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आणून टाकला. वरचाच लिफाफा मंडळाचा होता. ‘सोबतच्या पत्रात आपल्या कंपनीने गोपनीय ठरवलेली माहिती असल्याचे दिसते. पत्र सार्वजनिक नोंदीत ठेवण्यापूर्वी, कोणता भाग वगळावा ते कळवावे.’ खाली त्यांचंच पत्र जोडलेलं होतं.

नियमच तसा होता. बाहेरून आलेल्या कागदात कंपनीचं काही असलं की मंडळ आधी कंपनीला विचारतं, आणि कंपनीत असे कागद कंसमामांच्या टेबलावर येतात. त्यात कुणाचा डाव नव्हता.

मामा बराच वेळ आपलं अक्षर बघत बसले. मग त्यांनी उत्तराचा नमुना काढला आणि ‘वगळायचा भाग’ या रकान्यात लिहिलं : ‘काही नाही.’ पण शपथपत्रावर सही वकीलबाईंची लागे. नमुना वर गेला आणि तासाभराने बाई स्वतः खाली आल्या. त्यांच्या हातात पत्र होतं. अकरावर कंस पडले होते. शाई काळी होती.

“उद्यापासून येऊ नका, मामा,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. “आजारी आहात असं लिहिते मी. दुसरं काही लिहायला लावू नका मला.”

मामांनी खण रिकामा केला. न्यावं असं त्यात फारसं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चष्म्याच्या दुकानात गेले. बाकावर तीन माणसं बसली होती, मामा चौथे. नंबर आल्यावर आत गेले. मुलीने वर पाहिलं, मग काही न बोलता दार लोटून घेतलं. तपासायच्या उंच खुर्चीशिवाय दुसरी जागाच नव्हती, म्हणून ते त्या खुर्चीत बसले.

“अकरा,” ते म्हणाले.

ती उभीच होती.

“कंस मी घातला होता. इंजिनीअरबाई आकडा उघडा ठेवणार होत्या. मीच घातला.”

खोलीत समोरच्या पेटीतला दिवा बारीक गुणगुणत होता. मुलीचे ओठ हलले. ती मनात वजाबाकी करत होती. लहानपणीही अशीच ओठ हलवून करायची. मग तिने एक हात भिंतीला टेकवला आणि तसाच ठेवला.

“आठ मिनिटं,” ती म्हणाली.

“हो.”

“त्याने विचारलं होतं तुम्हाला. जेवताना. मी होते तिथे.”

“हो.”

मामांना वाटलं, ती आता ओरडेल. ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, असंच त्यांना वाटत होतं. त्यासाठीच ते आले होते बहुधा. तिने फक्त बोटांनी डोळे दाबले आणि मग हात खाली घेतले. “बाहेर माणसं बसलीयेत, बाबा,” ती म्हणाली.

ते उठले. दुकानाच्या दाराशी दोन उंच पायऱ्या होत्या आणि रस्त्यावर लख्ख ऊन होतं. पायरीवर ते थबकले. पुढचं पाऊल कुठे ठेवायचं तेच कळेना. एवढ्यात मागून ती आली. तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि एक, मग दुसरी, अशा दोन्ही पायऱ्या त्यांना उतरवून दिल्या. डोळ्यांत थेंब घातलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती उतरवून देत असे, तसंच. मग तिने हात काढून घेतला आणि दारात उभी राहून पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.