स्तामाता म्हणजे थांब

नातीच्या बाप्तिस्म्याच्या सकाळी स्तामाता स्वयंपाकघरात बसून साखरेत घोळलेल्या बदामांच्या पुड्या बांधत होती. अंगात त्राण नव्हतं. महिनाभर बेटावरच्या बायका तिचं अभिनंदन करत होत्या, आता तुमचं नाव पुढे चालणार म्हणून, आणि ती नुसती मान हलवत होती. मान हलवण्याचाही कंटाळा येतो माणसाला.

रीतच तशी होती. पहिल्या नातीला सुनेच्या आईचं नाव, दुसरीला सासूचं. पहिली फोतिनी झाली, दुसरी आज स्तामाता होणार. तोवर बिचारी नुसतीच बेबी.

पण हे काही कौतुकाने ठेवायचं नाव नव्हतं. ग्रीकमध्ये स्तामाता म्हणजे थांब. घरात मुलींवर मुली झाल्या की ते शेवटच्या पोरीच्या गळ्यात बांधायचे, पुढे तरी मुलगा व्हावा म्हणून. तिच्या लहानपणी एका गल्लीत तीन स्तामाता होत्या. हाक मारली की तिघी वळायच्या, आणि तिघींच्याही घरी थोरल्या बहिणींची रांग. ही तिच्या घरातली चौथी मुलगी. हिच्या पाठीवर भाऊ झाला तेव्हा बापाने अख्ख्या बंदराला दारू पाजली, पोरीचं नाव फळलं म्हणून. तिला मात्र जन्मभर वाटत राहिलं, की लोकांची हाक आपल्याला नाहीच, आपल्या मागून येऊ पाहणाऱ्या कुठल्यातरी पोरीला ते हाकलताहेत.

हल्ली अथेन्समध्ये हे नाव कोणी ठेवत नाही, असं सून दानाईने फोनवर पाहून सांगितलं होतं. कपडे वाळत घालताना ती एकदाच म्हणाली होती, मला अन्थी आवडतं, अन्थी म्हणजे फूल. लगेच जीभ चावली. सासूचं नाव नाकारलं असतं तर गावाने तिला धड जगू दिलं नसतं.

मुलगा, लेफ्तेरिस, टाय बांधत आत आला. मला हा मान नको, असं स्तामाताने त्याला पुन्हा एकदा सांगितलं. तो हसला. सगळ्याच आया आधी नको म्हणतात.

"लेफ्तेरी, खरं सांग. माझ्या मानासाठी ठेवतोयस, की पुढचा मुलगा व्हावा म्हणून?"

त्याने टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "दोन्ही होईल की, आई. त्यात वाईट काय?"

तिचा बापही असंच म्हणाला असता. तिला राग आला, पण भांडायला लागणारी ताकद उरली नव्हती. ती काठी घेऊन उठली आणि कालिरोईकडे गेली. कालिरोई तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, आजची धर्ममाता. पाद्र्यासमोर नाव उच्चारायचं तिने, आणि एकदा कुंडातल्या पाण्यावर उच्चारलेलं नाव मागे घेता येत नाही.

"लेफ्तेरिस मला फाडून खाईल, मावशी," कालिरोई म्हणाली.

"त्याचं मी बघते. हे नाव थांबायचंच असेल ना, तर माझ्यापाशी थांबू दे."

दानाई रिवाजाप्रमाणे घरीच राहिली. चर्चमध्ये पाद्र्याने नाव विचारलं. कालिरोई म्हणाली, "अन्थी."

लेफ्तेरिसची मान लालबुंद झाली. घरी दानाईला नाव सांगून बक्षिसाचे बदाम मिळवायला पोरं दारातून सुसाट पळाली. मागे बायकांची कुजबुज सुरू झाली, की सुनेने सासूला पुसून टाकलं. स्तामाता काठीवर रेलून वळली. सुनेला यातलं काही माहीत नाही, हे मी करायला लावलं, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मग चढ चढत घरी आली.

दानाई दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. "आई, शप्पथ सांगते, मी नाही हो काही बोलले कालिरोईशी."

"ठाऊक आहे गं. आधी खुर्ची दे मला."

थोड्या वेळाने कालिरोई मुलीला घेऊन आली. मागे लेफ्तेरिस होता, पण तो आईकडे न बघताच अंगणात निघून गेला. बघेल कधीतरी, नाहीतर नाही. मुलीच्या अंगाला पवित्र तेलाचा वास येत होता. स्तामाताने दुखरे हात पुढे केले.

"ये गं, अन्थी," ती म्हणाली. "ये."

सत्तर वर्षांत तिला स्वतःला अशी हाक कोणी मारली नव्हती.