पडद्यासमोरची खुर्ची

“काका, पुन्हा काळं!” मुलगी रडकुंडीला आली होती.

सिनेमावाले काकांनी फाइल पुन्हा उघडून पाहिली. संस्थेत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. संशोधकांचे रेणू संगणकावर फिरवायचे आणि त्यांच्या छोट्या फिल्म करायच्या, हे त्यांचं काम. या मुलीचं प्रथिन जबड्यासारखं उघडायचं आणि औषधाचा कण आत ओढून घ्यायचं. दुपारी परीक्षकांसमोर तिला तेवढंच दाखवायचं होतं. ते दिसलं नाही तर तिची पदवी लटकली असती. सॉफ्टवेअर अपग्रेड झाल्यापासून मात्र फिल्म काळीठिक्कर येत होती. पडद्यावर रेणू मजेत फिरत होता आणि फाइलीत अंधार.

अपग्रेड करणारा तंत्रज्ञ दारात उभा होता. त्याला सगळे ‘अपडेट’ म्हणत, आणि तोही ओ देई.

“चांगलं चाललं होतं ना? कशाला हात लावलास?” काका म्हणाले.

“वरून आदेश आला, काका. मी काय करू?”

काकांची पद्धत ठरलेली होती. पडद्यावर दिसेल त्याचे एकेक फोटो सॉफ्टवेअर काढणार आणि ते जोडून फिल्म करणार. मध्येच पडदा झोपला की फोटोतही अंधारच. म्हणून फिल्म पुरी होईपर्यंत समोर ठाण मांडायचं, अधूनमधून माउस हलवायचा, कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही. आधीच्या साहेबांनी तसं शिकवलं होतं आणि वर बजावलं होतं, बाकी कशाला बोट लावायचं नाही. काकांनी लावलं नाही. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण दुपारचा डबा मांडीवर. बायको सुरुवातीला म्हणायची, “नुसतं बसायचंच आहे तर घरी येऊन बसा की घटकाभर.” पुढे तिने म्हणणं सोडलं.

त्यांनी चित्राचा आकार लहान करून पाहिला, फाइलीचा प्रकार बदलला, संगणक बंद करून चालू केला. अंधार हटेना. शेवटी मुलीच्या तोंडाकडे बघून त्यांनी कधीच न उघडलेला एक रकाना उघडला. आत दोन पर्याय होते, ‘पडद्यावरून’ आणि ‘पडद्याविना’. दुसरा निवडून त्यांनी थोड्या चित्रांची चाचणी घेतली. जबडा उघडला, कण आत गेला.

मुलीने टाळीच वाजवली.

“यात पडदा लागतच नाही?” काकांनी विचारलं.

“नाही ना. आतल्या आत चित्रं काढतो संगणक,” अपडेट म्हणाला. “पडदा बंद करा, खुशाल घरी जा.”

“बरं झालं, नवीन सोय आली.”

“नवीन कसली, काका? जुन्यातही होती की. पहिल्यापासून आहे.”

काकांनी मान डोलावली. मग जुनंच सॉफ्टवेअर असलेला, भंगारात जायला निघालेला संगणक त्यांनी कोपऱ्यात चालू करून पाहिला. रकाना तिथेच होता. त्यांना फार वाईट वाटलं. रागवावं तर शिकवणारे साहेब केव्हाच गेले होते.

पूर्ण फिल्म सुरू झाली. सवयीने त्यांचा हात माउसवर गेला. पडदा विझला, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला आणि डबा उचलला.

“काका, तुम्ही बसणार नाही?” मुलीने घाबरून विचारलं.

“गरज नाही. झाली की कळव.”

बायकोने दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. “अहो, काय झालं? बरं नाही का?”

“ठणठणीत आहे. म्हटलं, आज बरोबर जेवू.”

टेबलावर एकच ताट होतं. समोरच्या खुर्चीत, त्यांच्या खुर्चीत, उशीवर रेडिओ ठेवलेला होता आणि कुणी तरी हवामान सांगत होतं. तिने तो उचलून खिडकीत ठेवला आणि दुसरं ताट घेतलं. दोघं जेवली. बोलायला फारसं काही सुचत नव्हतं. ताटं उचलताना फोन वाजला. मुलीचा निरोप होता, फिल्म झाली, एकही चित्र काळं नाही.

“आज कसे काय सुटलात पण?” बायकोने विचारलं.

“नवीन सोय आली आहे,” काका म्हणाले. “आता बसावं लागत नाही.”

“सुचलं म्हणायचं एकदाचं त्यांना.” तिने खुर्चीतली उशी सारखी केली. “उद्या येणार असाल तर आधी सांगा हं. रेडिओ उचलून ठेवीन.”