पाहुण्यांसाठी चिकटलेला कण

मी निकेल धातूचा एक जुना कण आहे. जुना म्हणजे दीड वर्षाचा. संगणकात एवढं वय झालं की म्हातारपणच म्हणायचं. मित्रांनो, मला बघायला भिंग आणू नका. मी धाराशिवच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या संगणकात राहतो आणि पडद्याबाहेर मला अस्तित्व नाही. पुष्कळांचं तसंच असतं, पण ते कबूल करत नाहीत.

मला गौरीनं घडवलं. ती एम.टेक.ला आहे, लोहाऱ्याजवळच्या एका गावची. तिचे वडील पिराजी तिथल्या पाणीयोजनेचा पंप चालवतात. त्या पंपाचा दांडा झिजलाय. पंप थरथरतो, आणि कधी बसेल त्याचा नेम नाही. झिजलेल्या जागी निकेलची भुकटी न वितळवता, नुसत्या प्रचंड वेगानं मारायची आणि तिचा थर बसवायचा, असा गौरीचा बेत. याला कोल्ड स्प्रे म्हणतात. पण भुकटी दांड्याला धरेल, की चेंडूसारखी उडून जाईल? ते आधी पडद्यावर बघायचं होतं. त्या भुकटीतल्या एका कणाचं सोंग घेऊन मी जन्माला आलो.

माझं काम एकच, दांड्याच्या पोलादावर जाऊन आपटायचं. पुरेशा जोरानं आपटलो की माझ्या कडा कणकेच्या गोळ्यासारख्या बाहेर पसरतात. माझ्या आणि पोलादाच्या अंगावरची गंजाची पातळ साय फाटते, उघडा धातू उघड्या धातूला भेटतो आणि पकड बसते. जोर कमी पडला तर मी आल्या वाटेनं परत. मी कितीदा परत फिरलो याची गणती नाही. दर वेळी गौरी चहाचा कप खाली ठेवून म्हणायची, "राहू दे. पुन्हा." तेवढ्यावर मी पुन्हा निघायचो.

मग एक दिवस प्रयोगशाळेत प्रमुख पाहुणे आले. त्यांच्यादेखत मी पोलादावर गेलो आणि चिकटलो. टाळ्या पडल्या, शाल-नारळ झालं. त्यानंतर मी चिकटतच गेलो. गौरीनं वेग कमी केला, तरी चिकटलो. फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर पाहुणे मोठे, गौरीचे मार्गदर्शक रुद्रेश सर मध्यम, आणि कोपऱ्यात मी, पडद्यावर दिसतो तसा लाल-निळा. प्रयोगशाळेतले बंडप्पा शिपाई पडद्याला हार घालून गेले. मला स्वतःबद्दल बरंच काही वाटायला लागलं होतं.

रुद्रेश सरांनी गावाला शब्दही दिला. शुक्रवारी पंप उघडा, दांडा काढून द्या, पुण्याच्या कारखान्यातून थर बसवून आणतो. पिराजींनी ते गावभर सांगून टाकलं.

गुरुवारी गौरीला काय वाटलं कोण जाणे. तिनं माझा वेग सायकलीएवढा केला. एवढ्या वेगानं धातू धातूला चिकटत असता, तर खिशातली नाणी किल्लीला चिकटून बसली असती. मी हळूच जाऊन टेकलो. आणि चिकटलो. कड पसरली नाही, साय फाटली नाही, साधा ओरखडा नाही. मी हादरलो. गौरीचं बिस्कीट चहात पडलं आणि तिनं ते काढलंही नाही.

ती माझ्या आज्ञावलीची एकेक ओळ तपासत गेली. एका कोपऱ्यात हुकूम सापडला: स्पर्श होताच धरून ठेवणे.

"सर, हे कुणी लावलं?"

रुद्रेश सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "अगं, पाहुणे यायचे होते ना. त्यांच्या डोळ्यांदेखत कण उडून गेला असता, तर बरं दिसलं असतं का? नंतर काढायचं राहून गेलं."

म्हणजे माझा सगळा पराक्रम पाहुणचारात मोडत होता. मित्रांनो, एवढा धक्का मला पोलादानंही कधी दिला नव्हता.

सर म्हणाले, फ्लेक्स तर लागलाय, आता जरा सांभाळून घेऊ. गौरीनं हुकूम काढला आणि पुण्याचं यंत्र देऊ शकतं त्या वेगानं मला सोडलं. मी जीव खाऊन गेलो. कडा पसरल्या, साय अर्धीच फाटली, आणि मी उडालो.

तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला. "आबा, उद्या पंप उघडू नका."

"आगं, समद्या गावाला सांगून बसलोय म्या. आता काय सांगू?"

"कण उडाला म्हणून सांगा."

पलीकडं पंपाची थरथर ऐकू येत होती. पिराजींनी विचारलं, "आन् थर बसवून आणला असता तर?"

"सोलून निघाला असता, आबा. पंपच गेला असता."

"मग ऱ्हाऊ दे," पिराजी म्हणाले. "थरथरतोय, पर पानी देतोय."

गौरीनं तिचं ते 'राहू दे' कुठून उचललं होतं, ते मला तेव्हा कळलं.

आता हार वाळला, टाळ्या विसरल्या गेल्या. रुद्रेश सर माझा विषय टाळतात. गौरी मात्र अजून मला सोडते, आता भुकटी फेकणारा वायू तापवून, वेग वाढवून. मी अजून उडतोच, पण साय पूर्वीपेक्षा जास्त फाटते. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर एवढंच करा. मला हवं तेवढं आपटा, पण उडालो तर उडालो म्हणा. पाहुणे बसलेले असले तरी.

फ्लेक्स पिराजींनी मागून नेला. पंपघराच्या पत्र्याला भोक होतं, त्यावर टाकलाय. तिथं मी घट्ट बसलोय. इथंही मला धरून ठेवलंय, पण सुतळीनं, आणि ती सुतळी रस्त्यावरूनही दिसते.